अर्ध्या दिवसाची अंगणवाडी, पूर्ण दिवसाची मजुरी

‘अंगणवाड्या बंद करा आणि तो पैसा सरळ आयांच्या खात्यावर टाका.’ हे वाक्य पूर्वी एखाद्या चर्चासत्रात कानावर यायचं. 2024 साली ‘लाडकी बहीण’ योजना आली, तेव्हापासून ते लग्नाच्या मांडवात, एसटीच्या थांब्यावर, पंचायत समितीच्या कट्ट्यावरही ऐकू येतं. त्याच्या मागोमाग आणखी दोन वाक्यं हमखास येतात. मूल सांभाळणं हे आईचं आणि घरच्यांचं काम, त्यात सरकारचा काय संबंध? आणि पन्नास वर्षं अंगणवाड्या चालवून खिचडी वाटण्यापलीकडे काय साधलं? असं बोलणारी माणसं बहुतेक सरळमार्गी असतात, कुणाचं वाईट व्हावं अशी त्यांची इच्छा नसते. पण ही तिन्ही वाक्यं चुकीची आहेत. धोरण ठरवणाऱ्यांना ती पटली तर त्याची झळ दीड-दोन वर्षांच्या मुलांना लागेल. ती मुलं स्वतःची बाजू मांडू शकत नाहीत, म्हणून हा प्रतिवाद.

आधी पैशाचंच घेऊ. अंगणवाडीतल्या सर्वसाधारण मुलाच्या आहारासाठी 2017 साली दर ठरला दिवसाला 8 रुपये. वर्षातले 300 दिवस आहार द्यायचा, म्हणजे वर्षाला 2,400, महिन्याला 200 रुपये. साधारण चाळीस मुलांच्या अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस यांचं मानधन मुलांमध्ये वाटून त्यात मिळवलं, तरी रक्कम हजाराच्या आतच राहते. समजा, ही सगळी रक्कम आईच्या खात्यावर टाकली. तिनं ती घेऊन कुठे जायचं? पैशानं तेवढंच मिळतं जे बाजारात विकायला आहे. हजार-बाराशे वस्तीच्या गावात आठ-नऊशे रुपयांत दिवसभर मूल सांभाळणारं, त्याला तीनदा भरवणारं, ताप आला तर आशाताईला हाक मारणारं कुणीही बाजार मांडून बसलेलं नाही. ‘लाडकी बहीण’चे 1,500 रुपये बाईला उपयोगी पडतात, तिचा घरातला शब्द थोडा वजनदार होतो, आणि ते मिळायलाच हवेत. पण ती वावरात असताना दुपारी बारा वाजता मुलाच्या तोंडात घास घालायला ते पैसे येत नाहीत.

हे ज्यांना तोंडानं सांगून पटत नाही त्यांनी कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या कुठल्याही वावरात जावं. धुऱ्यावर बाभळीला किंवा लिंबाला जुन्या लुगड्याची झोळी टांगलेली असते. झोळीत सात-आठ महिन्यांचं मूल. तिची दोरी हलवायला सात-आठ वर्षांची थोरली बहीण, जी त्या वेळी शाळेत असायला हवी. आई कमरेला ओटी बांधून ओळीत पुढे पुढे जात असते. मजुरी किलोवर असते, हा यातला कळीचा मुद्दा. मूल रडलं म्हणून ती धुऱ्यावर आली, त्याला पाजलं, थोपटलं, पुन्हा ओळीला लागली, की तेवढ्या वेळाचा कापूस तिच्या वजनातून गेला. संध्याकाळी काट्यावर बाळाच्या भुकेचे पैसे कापले जातात, आणि ते कापतंय कोण हे कुणालाच दिसत नाही, कारण मालकानं काही कापलेलं नसतं. म्हणून ती कमी वेळा येते. थोरली बहीण झोळीतल्या मुलाच्या हातात बिस्किट देते. चहाच्या टपरीवर पाच रुपयांना मिळणारा पुडा हे महाराष्ट्रातल्या हजारो मुलांचं दुपारचं जेवण आहे. आणि रांगायला लागलेलं मूल ज्या मातीत हात घालून तोच हात तोंडात घालतं, त्या मातीत हंगामभर काय फवारलेलं असतं ते यवतमाळकरांना सांगायची गरज नाही. 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं त्या जिल्ह्यात धडधाकट माणसं दगावली होती.

त्या वेळी गावातली अंगणवाडी काय करत असते? ती तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गाणी शिकवून, गरम ताजा आहार देऊन दुपारी बंद झालेली असते. सेविकेनं तिचं काम केलेलं असतं. झोळीतल्या मुलासाठी अंगणवाडीकडे असतं ते घरी न्यायचं पाकीट, म्हणजे टीएचआर. सहा महिने ते तीन वर्षं या वयाच्या मुलाला सरकार पीठ देतं, भरवणारा हात देत नाही.

आणि मूल खंगतं ते नेमकं याच वयात. पहिले सहा महिने आईचं दूध पुरतं. त्यानंतर वरचा आहार सुरू करावा लागतो, आणि तो दिवसातून चार-पाच वेळा, थोडा थोडा, मऊ करून, तेल-तूप घालून, मांडीवर घेऊन भरवावा लागतो. एवढ्याशा पोटात एका वेळी मावतंच किती? सकाळी सहाला एकदा आणि रात्री आठला एकदा भरवून ते मूल वाढत नाही, घरात धान्याची कणगी भरलेली असली तरी. हगवण लागली, दोन दिवस खाल्लं नाही, वजन उतरलं, ते भरून यायच्या आत पुन्हा ताप आला, असं करत दुसऱ्या वाढदिवसापर्यंत मूल उंचीला मागे पडतं, आणि तिथे पडलेलं अंतर पुढे खिचडीनं फारसं भरून येत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आणि 25.6 टक्के मुलं उंचीच्या मानानं हडकुळी आढळली. हे आकडे दाखवून अंगणवाडी निकामी ठरवणाऱ्यांनी एवढंच सांगावं, की ज्या वयात हे नुकसान होतं त्या वयाच्या मुलासाठी अंगणवाडीचं दार दिवसभर उघडं होतं कधी?

‘मग आजी कशाला असते?’ असा प्रश्न लगेच येतो. आजीची माया खरी आहे, तिच्या हातची पेजही खरी आहे. पण शेतमजुराच्या घरातली आजी किती वर्षांची असते ते पाहा. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. आधीच्या पिढीत तर ते याहून सर्रास होतं. म्हणजे आई विशीची आणि आजी चाळिशीची. चाळिशीतली बाई घरी बसून नातवंडं सांभाळते ती सुस्थितीतल्या घरात. इथे ती सुनेच्या शेजारच्या ओळीत कापूस वेचत असते, कारण दोघींची मजुरी मिळून घर चालतं. जिथे आजी खरोखरच थकलेली आहे, तिथे गुडघे धरून बसलेल्या त्या बाईच्या हाती दोन-तीन रांगती मुलं देणं हा तिच्यावरही अन्याय आहे. ऊसतोडीच्या मुलखात तर प्रश्न आणखी बिकट होतो. बीड जिल्ह्यातून नवरा-बायकोची जोडी एक ‘कोयता’ म्हणून मुकादमाकडून उचल घेते आणि पाच-सहा महिने कारखान्याच्या फडात जाते. थोरली मुलं गावी आजीजवळ राहतात, अंगावर पिणारं बरोबर जातं. त्याचं नाव गावच्या अंगणवाडीच्या रजिस्टरवर, आणि ते स्वतः शेकडो किलोमीटर लांब फडावरच्या कोपीत.

घरकाम किती आणि कुणाच्या वाट्याला येतं याचं मोजमाप सरकारनंच केलेलं आहे. 2019 च्या देशव्यापी वेळवापर पाहणीत बिनमोल घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवताना आढळल्या, असं काम करणारे पुरुष 97 मिनिटं. ‘हे घरचं काम आहे’ असं म्हणताना घर म्हणजे कोण, ते या आकड्यांवरून कळतं.

मुलं सांभाळायला बाहेरचा आधार घेणं आपल्या संस्कृतीत नव्हतं, ही पाश्चात्त्यांची नक्कल आहे, असंही म्हटलं जातं. मला या आक्षेपाचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण मराठी मध्यमवर्ग गेल्या दोन-तीन पिढ्या ज्या आधारावर उभा राहिला तोच तो नाकारतो. डोंबिवली, ठाणे, दादर, पुण्याच्या पेठा, कुठेही विचारा. सकाळची लोकल गाठून मंत्रालयात, बँकेत, एलआयसीत, टेलिफोन खात्यात नोकरी केलेल्या बायकांची मुलं कुणी सांभाळली? त्याच इमारतीत किंवा पलीकडच्या चाळीत दोन खोल्यांत पाळणाघर चालवणाऱ्या काकूंनी. त्यांनी डबे भरवले, शुभंकरोती म्हणवून घेतली, शाळेच्या रिक्षात बसवून दिलं, आई रात्री उशिरा आली तर वरणभातही खाऊ घातला. त्या पगारांवर फ्लॅट झाले, मुलं इंजिनिअर झाली, काही परदेशी गेली. त्यांतल्या कुणाचंही कुटुंब पाळणाघरामुळे मोडलं नाही. कित्येक घरांत त्या काकूंना अजून पहिली पत्रिका जाते. जी सोय आपल्या मुलांसाठी चांगली होती, ती कापूस वेचणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, विटा वाहणाऱ्या बाईच्या मुलासाठी संस्कृतीला धोका कशी ठरते, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही. फरक एकच आहे. डोंबिवलीची आई काकूंचे पैसे देऊ शकत होती.

आणि गरिबाच्या मुलासाठीचा विचारही इथलाच आहे. ताराबाई मोडक आणि त्यांच्याबरोबर अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि 1957 साली ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली मुलं शाळेत का येत नाहीत, याचा शोध घेताना त्यांना दिसलं की मोठ्या मुलांच्या कडेवर धाकटी भावंडं आहेत आणि पुढे चरायला सोडलेल्या शेळ्या. त्यांनी पालकांना बोल लावला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदवणारी विकासवाडी उभी केली. धाकट्याला पाळणाघरात ठेवलं की थोरली वर्गात बसू शकते. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या पाड्यावरच्या अंगणात न्यायची, गुरांमागे गेलं असेल तर कुरणात. देशात अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांत सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधी कोसबाडला जे साधलं होतं त्यातली बालवाडी आणि आहार सरकारनं उचलला, पाळणाघर मागे राहिलं. मूळ घडवंचीचा एक पाय काढून घेतला आणि आता ती डुगडुगते म्हणून मोडीत काढायची, असं हे चाललं आहे.

बांधकामावरच्या मुलांचंही तेच. 1969 साली गांधीजन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम दिल्लीत राजघाटाजवळ चाललं होतं. तिथल्या मजूर बायकांची तान्ही मुलं उन्हाधुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर सुरू केलं. ‘मोबाईल क्रेशेस’चं काम तिथून उभं राहिलं आणि पुढे मुंबईतही पोचलं. म्हणजे काय करायला हवं हे कळून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला.

कायद्यालाही ते कळलेलं आहे. कारखान्यांच्या 1948 च्या कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पुढे ती तीसहून अधिक कामगार बायका असलेल्या कारखान्यांना लागू झाली. बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्यातही होती. 2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं. यात बायका किती हे न मोजता सगळे कर्मचारी मोजायचे, ही त्यातली खरोखर चांगली गोष्ट, कारण मूल बापाचंही असतं. पण या सगळ्या कायद्यांना एक मालक आणि एक हजेरीपट लागतो. वावरात आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या रोजानं जाणारी बाई, चार घरची भांडी घासणारी, रस्त्यावर भाजी विकणारी, यांच्यासाठी पन्नास माणसांचा पट कुठून आणायचा? त्यांच्यापर्यंत पोचलेली सरकारची एकच जागा आहे, अंगणवाडी. महाराष्ट्रात अशा जागा एक लाखाहून जास्त आहेत. मेळघाटात, भामरागडमध्ये, धारावीत, सगळीकडे. नवीन काही शून्यातून उभारायचं नाही. असलेलं दार संध्याकाळपर्यंत उघडं ठेवायचं आहे.

केंद्रानं 2022 मध्ये ‘पाळणा’ योजनेखाली अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं ठरवलं. दिशा अगदी बरोबर. पण उद्दिष्ट ठेवलं 17,000 केंद्रांचं, संपूर्ण देशासाठी, जिथे अंगणवाड्या जवळपास 14 लाख आहेत. शंभरातली जेमतेम एक.

‘पन्नास वर्षांत काय झालं’ म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्राचाच एक अनुभव विसरू नये. 2005 साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं आणि त्यानं पहिल्या दोन वर्षांच्या वयावर लक्ष केंद्रित केलं. 2005-06 मध्ये दोन वर्षांखालची 39 टक्के मुलं खुजी होती. 2012 च्या राज्यस्तरीय पोषण सर्वेक्षणात हे प्रमाण 23 टक्क्यांवर आलेलं दिसलं. त्यामागे एकच कारण नव्हतं, त्या वर्षांत उत्पन्नंही वाढली होती. पण याच अंगणवाड्या, याच सेविका आणि हीच गावं असताना सहा-सात वर्षांत एवढा फरक पडला, तेव्हा ‘सरकारी यंत्रणेला हे जमतच नाही’ हे म्हणणं टिकत नाही. पुढे तो जोर राहिला नाही. 2015-16 आणि 2019-21 च्या सर्वेक्षणांत पाच वर्षांखालचा खुजेपणा 34 ते 35 टक्क्यांच्या घरातच राहिला. जोर लावला तेव्हा आकडा हलला, हा धडा सोडून यंत्रणाच बंद करा म्हणणं मला समजत नाही.

आक्षेप घेणाऱ्यांचं काही म्हणणं मान्यच आहे. टीएचआरची पाकिटं मुलांना आवडत नाहीत, काही ठिकाणी ती गुरांच्या पुढ्यात जातात. शहरात दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत तीस मुलं कोंबलेली असतात. काही अंगणवाड्या उघडतात कमी आणि रजिस्टरं भरतात जास्त. पण रजिस्टर भरायला कोण लावतं? सकाळी सेविका वजनकाट्याच्या झोळीत एका मुलाला बसवते, ते रडतं, दुसरं तिच्या पदराला धरून उभं असतं, आणि तिसऱ्याच्या आईचा आधार क्रमांक पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर चढत नसतो. नेट गेलेलं असतं. मदतनीस आहार शिजवत असते. दुपारी गृहभेटी. शिवाय निवडणुकीची यादी, कसले ना कसले सर्व्हे, आणि 2024 च्या पावसाळ्यात ‘लाडकी बहीण’चे अर्जसुद्धा. हे सगळं मानधनावर, ज्यात केंद्राचा दर 2018 पासून सेविकेला 4,500 आणि मदतनीसाला 2,250 रुपये एवढाच आहे, वरची भर राज्यानं घातलेली. या बायकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायलाही 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. डिसेंबर 2023 मध्ये त्या संपावर गेल्या आणि जानेवारी उलटत आला तरी मैदानात होत्या, तेव्हा ‘मुलांना वाऱ्यावर सोडलं’ अशी टीका झाली. जिचं काम घरच्या बाईनं फुकटात करण्यासारखं आहे असं वर्षभर सांगितलं जातं, तिनं ते थांबवताच मुलं वाऱ्यावर पडतात, हे तिच्या कामाचं मोल सांगायला पुरेसं आहे.

तामिळनाडूत संशोधकांनी काही अंगणवाड्यांत अर्ध्या दिवसासाठी एक जादा कार्यकर्ती दिली आणि बाकीच्यांशी तुलना केली. मुलांना मिळणारा शिकण्याचा वेळ दुप्पट झाला, त्यांची तयारी सुधारली आणि कुपोषणही घटलं. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारीच्या जनस्वास्थ्य सहयोगनं जंगलातल्या गावांत फुलवारी चालवल्या. तिथे सहा महिने ते तीन वर्षांची मुलं दिवसभर राहतात, गावच्याच बायका त्यांना सांभाळतात आणि दोन-तीनदा भरवतात. पुढे तिथल्या सरकारनं हा नमुना उचलला. पाळणाघरात मुलांना मारतात, ही भीती मनात असते, आणि खारघरच्या एका पाळणाघरातल्या मारहाणीचं 2016 सालचं चित्रण पाहिलेल्या आईला ती वाटणारच. ते बंद दाराआडचं, कुणाची देखरेख नसलेलं खासगी पाळणाघर होतं. गावातल्या चावडीशेजारी, जिथे कुणाची ना कुणाची आत्या-मावशी दिवसातून चारदा डोकावते, तिथे आयांची समिती असेल तर मूल जास्त सुरक्षित राहतं.

शेवटी ‘पैसा कुठून आणायचा?’ राज्यातल्या 1 लाख 10 हजार अंगणवाड्यांत प्रत्येकी दोन जादा बायका नेमल्या, मासिक 15,000 रुपये पगारावर, तर वर्षाचा खर्च होतो 3,960 कोटी. जुन्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेचं प्रमाणही हेच होतं, पंचवीस मुलांमागे एक कार्यकर्ती आणि एक मदतनीस, दिवसाचे साडेसात तास. ‘लाडकी बहीण’साठी राज्यानं पहिल्या वर्षी धरलेला वार्षिक खर्च होता 46,000 कोटी. ती योजना कमी करा असं मी म्हणत नाही. जे राज्य बायकांसाठी एवढी रक्कम उभी करू शकतं, त्याला त्याच बायकांच्या मुलांसाठी तिचा अकरावा-बारावा हिस्सा परवडत नाही हे पटण्यासारखं नाही, एवढंच म्हणणं आहे. शिवाय त्यातून गावोगाव दोन लाख वीस हजार बायकांना रोजगार मिळेल आणि त्याहून कितीतरी जास्त बायकांना पूर्ण मजुरी.

मुंबईत निर्णय होईपर्यंत गावांनी थांबायची गरज नाही. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. बऱ्याच ठिकाणी ते शिलाई मशीन आणि हळदीकुंकवाच्या वाणात संपतात. वेचणीच्या किंवा सोयाबीन सोंगणीच्या दोन-तीन महिन्यांपुरतं अंगणवाडीच्या खोलीत, नाहीतर समाजमंदिरात, पाळणाघर चालवायला दोन बायकांचं मानधन, अंडी, केळी, तेल, चटया आणि झोपेसाठी पाळणे एवढंच लागतं. गाव लहान असेल आणि हा निधी पुरत नसेल, तर शेजारची दोन गावं एकत्र येऊ शकतात, आणि जे जमीनदार वेचणीला बायका मिळत नाहीत म्हणून दरवर्षी ओरडतात त्यांच्याकडे वर्गणी मागता येते. सेविकेवर हे जादा काम लादायचं नाही, तिची देखरेख आणि वजनाची नोंद पुरे. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत असा ठराव आणता येतो. वेचणी त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी सुरू होते.